नाव घेण्याआधी

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन आठ दिवसांवर आलं होतं आणि मी भाचीकडे इंग्लंडमध्ये, ब्रिस्टलला होते. ऑक्टोबरची ३१ तारीख. तिच्या ओळखीच्या एका बाईंच्या परसात साऊइनचा विधी होता. विक्का (जादू आणि ऋतूंचे सण मानणारा एक पाश्चात्त्य धर्म) पाळणाऱ्यांच्या वर्षातला हा मोठा दिवस, साधारण आपल्या सर्वपित्रीसारखा, गेलेल्यांची आठवण काढण्याचा. दहाबारा माणसं, ओलं गवत, चार दिशांना काचेच्या बरण्यांत चार मेणबत्त्या. वाडग्यातल्या पाण्यात मीठ टाकून ते वर्तुळाभोवती शिंपडलं तेव्हा मला आपली दृष्ट काढायची मीठमोहरी आठवली. बाईंच्या हातात काळ्या मुठीची सुरी होती, त्या सुरीने त्या हवेतच रेषा आखत होत्या. पुढे पाव वाटायची वेळ आली तेव्हा त्यांनी सुरी बाजूला ठेवली आणि पाव हाताने मोडला. भाची माझ्या कानाशी म्हणाली, "मावशी, या सुरीने काही कापत नाहीत. कधीच नाही."

शेवटी ज्याला कुणासाठी काही मागायचं असेल त्याने मागायचं होतं. मी आईचं सांगितलं. बाई थांबल्या. "त्यांना माहीत आहे का? मी त्यांचं नाव घेतलेलं त्यांना चालेल?" मी म्हटलं, त्यांच्या भल्यासाठीच तर आहे. त्या म्हणाल्या, "असू दे. शरीर त्यांचं आहे, आधी त्यांना विचारायला हवं." त्या रात्री आईचं नाव घेतलं गेलं नाही.

मेणबत्तीने गुडघा बरा होतो असं मी मानत नाही, त्या रात्रीही मानत नव्हते. तरी ते वाक्य माझ्या मनातून जाईना, आणि त्याला कारण आहे.

मी चौथीत असताना धाकट्या भावाचा ताप तीन आठवडे हटत नव्हता. आजीने गावातल्या एका देवऋष्याला बोलावलं. आईला कुणी विचारलं नाही. त्याने सुपात तांदूळ टाकले, दाणे जोडीजोडीने मोजले आणि सांगितलं, करणी आहे, घरातलीच आहे, विहिरीच्या अंगाला राहणारी बाई आहे. विहिरीच्या अंगाला माझी चुलतकाकू राहायची. विधवा, मूलबाळ नाही. भावाचा ताप विषमज्वराचा होता, तालुक्याच्या दवाखान्यात औषधांनी उतरला. काकूच्या नावाला लागलेलं ते मात्र उतरलं नाही. संक्रांतीला ती तिळगूळ आमच्या उंबऱ्यावर ठेवून जायची आणि आजी तो गुरांपुढे टाकायची. असं अकरा वर्षं चाललं, काकू जाईपर्यंत.

म्हणून मला हा विषय गंमतीचा वाटत नाही. जादू खरी की खोटी, हा वाद आपण पुष्कळ घातला आहे आणि तो घालायलाच हवा. पण त्याच्या शेजारी दुसरा एक प्रश्न पडून राहतो: जो माणूस जादू करतो किंवा करतो असं समजतो, त्याने समोरच्या माणसाशी कसं वागावं? विक्का या धर्माने हा प्रश्न गेली सत्तर वर्षं अंगावर घेतला आहे. त्याची काही उत्तरं मला चुकीची वाटतात, एक उत्तर फार मोलाचं वाटतं, आणि ते मोलाचं उत्तर त्यांच्या पुस्तकांत ठळक छापलेलं नसतं.

आधी एक गैरसमज दूर करू. विक्का हा प्राचीन धर्म नाही. जेराल्ड गार्डनर नावाचे इंग्रज गृहस्थ, जन्म १८८४, मलायात कस्टम खात्यात नोकरी करून १९३६ साली निवृत्त झाले. इंग्लंडच्या न्यू फॉरेस्ट भागातल्या एका जुन्या गटाने आपल्याला १९३९ साली दीक्षा दिली, असं ते सांगत. ब्रिटनचा १७३५ चा विचक्राफ्ट (चेटूक) कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली त्यांनी आपल्या पंथाविषयीचं पुस्तक उघडपणे छापलं. ख्रिस्तपूर्व काळापासून चेटकिणींचा एक गुप्त धर्म युरोपात चालत आला आहे, या मार्गारेट मरे यांच्या १९२१ सालच्या सिद्धान्तावर त्यांची भिस्त होती. तो सिद्धान्त इतिहासकारांनी कधीच मोडीत काढला आहे. रोनाल्ड हटन यांनी १९९९ साली विक्काचा जो इतिहास लिहिला त्यात हा धर्म विसाव्या शतकातला आहे हे कागदपत्रांसह दाखवलं, आणि विशेष म्हणजे बऱ्याच विक्कनांनी ते मान्यही केलं.

मला हे नवेपण त्यांचं बलस्थान वाटतं. "पूर्वापार चालत आलंय" असं म्हणण्याची सोय ज्यांना नाही, त्यांना आपली नीती स्वतः लिहावी लागते, तारीख घालून, लोकांसमोर. मग ती तपासताही येते.

त्यातलं सर्वांत प्रसिद्ध वचन डोरीन व्हॅलिएंटे यांनी १९६४ साली एका भोजनसमारंभातल्या भाषणात सांगितलं. गार्डनरांच्या विधींची भाषा त्यांनीच घडवली होती, आणि प्रसिद्धीच्या हव्यासावरून १९५७ साली त्यांच्यापासून फारकतही घेतली होती. वचन आठ इंग्रजी शब्दांचं आहे. मराठीत सांगायचं तर, कुणाला इजा होत नसेल तर तुझ्या इच्छेप्रमाणे कर. उत्तरार्धामागे इंग्रज गूढवादी अलिस्टर क्राउली यांचं १९०४ सालचं सूत्र आहे. तिथे इच्छा म्हणजे मनाची लहर नव्हे, माणसाच्या जगण्याचा खोलवरचा कल. पूर्वार्धाचा पूर्वजही गार्डनरांनी स्वतःच सांगून ठेवला आहे, एका फ्रेंच कादंबरीतला पॉसोल नावाचा राजा. म्हणजे वचनाची वंशावळ अगदी माणसांची आहे, आकाशवाणीची नाही.

हे वचन ऐकायला सुंदर आहे, पण पोटात शिरलं की पोकळ लागतं. कुणालाच इजा नाही, हे जगताना शक्य नसतं. डॉक्टर चिरतो, न्यायाधीश शिक्षा सुनावतो, आई मुलाला नको म्हणते. बारीकसारीक अर्थ लावत बसलं तर या वचनाखाली माणसाला हलताही येणार नाही, आणि सैल अर्थ लावला तर "माझा हेतू चांगला होता" एवढं म्हणून सुटता येतं. माझ्या आजीचाही हेतू चांगलाच होता.

मग भीतीचा आधार येतो. विक्काची तोंडओळख करून देणाऱ्या बहुतेक पुस्तकांत त्रिगुणी नियम असतो: जे पाठवाल ते तिप्पट होऊन परत येईल, म्हणून वाईट पाठवू नका. मराठी वाचक हे वाचतो आणि लगेच म्हणतो, अरे, हे तर आपलंच, करावे तसे भरावे. कर्मसिद्धान्ताशी नातं विक्कनही जोडतात. ते जोडताना दोन्हीकडे जरा थांबायला हवं.

कारण या नियमाचा जो सर्वांत जुना छापील उगम सापडतो, त्यात तो असा नाहीच. गार्डनरांनी १९४९ साली, कायदा रद्द होण्याआधी, कादंबरीच्या आडोशाने काही विधी छापले. त्यात दीक्षेचा प्रसंग आहे. दीक्षा देणारा शिष्याला प्रतीकात्मक फटके देतो, मग शिष्य ते तिप्पट करून परत देतो, आणि त्याला सांगितलं जातं: तुला जेव्हा भलं मिळेल, तेव्हा ते तिप्पट परत करण्यास तू बांधलेला आहेस.

यात विश्व तुम्हाला तिप्पट परत करत नाही. तुम्हीच विश्वाचं तिप्पट देणं लागता. पहिल्या वाचनात मी हे वाक्य चारदा वाचलं. पुढच्या काही दशकांत, रेमंड बकलंड यांच्यासारख्या लोकप्रिय लेखकांच्या हातून, हे देणं उलटं होऊन येणं झालं. ऋणाची जागा हिशेबाने घेतली. हा बदल मला विक्काच्या इतिहासातली खरी हानी वाटते. हिशेबाच्या नीतीत समोरचा माणूस दिसतच नाही, फक्त आपल्या खात्यात काय जमा होईल ते दिसतं. शिवाय हिशेब उलट दिशेनेही वाचला जातो. जिच्यावर संकट आलं तिने काहीतरी पाठवलं असणारच. काकू विधवा झाली, मूल नाही, म्हणजे हिच्यात काहीतरी आहे. गावाने नेमकं हेच वाचलं होतं. भोग पाहून पाप ठरवणं आपल्याला इतकं सवयीचं आहे की बाहेरून कुणी तोच हिशेब आणला की आपण त्याला सहज आपलं म्हणतो.

ऋणाची नीती वेगळी. ती आपल्याला ठाऊक नाही असंही नाही. पितृऋण, ऋषिऋण, देवऋण म्हणताना आपण घेतलेल्याच्या बाजूने विचार करतो. नवसातही माणूस बांधून घेतो तो स्वतःला. पोर वाचलं तर अनवाणी चालत येईन, असं म्हणणारी बाई पाय आपले झिजवते. वशीकरणात मात्र दोरी दुसऱ्याच्या गळ्यात असते. विक्कातही हीच सीमा आखलेली आहे. ठरावीक माणसाचं नाव घेऊन प्रेमाची जादू करायला बहुतेक जाणते विक्कन नकार देतात, कारण ती त्या माणसाच्या इच्छेवरची जबरदस्ती. मला प्रेम मिळो असं मागता येतं, अमक्याचं मन माझ्याकडे वळो असं मागता येत नाही. आणि त्यातूनच पुढे, बरं करण्यासाठीसुद्धा आधी विचारावं हा दंडक आला. माझ्या मते विक्काने नीतीला दिलेलं सर्वांत मोलाचं काही असेल तर ते हेच. चांगुलपणालाही परवानगी लागते.

इथे कुणी म्हणेल, मग अन्यायाचं काय? बलात्कार करणाऱ्याची परवानगी घ्यायची का? हा प्रश्न अमेरिकेतल्या चेटकिणींमध्ये (त्या हा शब्द अभिमानाने वापरतात) फार तीव्रतेने विचारला गेला आहे. तिथे एक म्हणच आहे, जिला शाप देणं जमत नाही तिला बरं करणंही जमत नाही. स्त्रियांपुरत्या डायानिक परंपरेच्या झेड बुडापेस्ट यांनी १९८० साली सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या डोंगरवाटांवर स्त्रियांचे खून पाडणाऱ्या अज्ञात इसमाविरुद्ध शापविधी केला. २०१६ साली स्टॅनफर्डच्या एका विद्यार्थ्याला लैंगिक अत्याचाराबद्दल अवघी सहा महिन्यांची कैद झाली, तेव्हा शेकडो जणींनी आपापल्या घरी काळ्या मेणबत्त्या लावल्या. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रुकलिनमधल्या एका दुकानात लैंगिक अत्याचाराचा आरोप झालेले अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांना शाप देण्याचा जाहीर कार्यक्रम झाला. खुद्द गार्डनरही सांगत की १९४० साली हिटलरने समुद्र ओलांडू नये म्हणून न्यू फॉरेस्टमध्ये विधी झाला होता. बचावासाठी केलेलं बंधन म्हणजे इजा का, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

त्या बायकांचा संताप मला पूर्ण कळतो. न्यायालयाने ज्यांचं ऐकलं नाही त्यांनी एकत्र येऊन मोठ्याने काही म्हणावं, यात मला काही गैर दिसत नाही. निषेध म्हणून तो विधी मी समजू शकते. पण शाप लागतो असं जेव्हा त्या गांभीर्याने सांगतात तेव्हा माझा विरोध सुरू होतो. तो शाप उलटेल म्हणून नाही. कारण असं की, युरोपात सुमारे ४० ते ६० हजार माणसं, बहुतांश स्त्रिया, चेटूक केल्याच्या आरोपाखाली मारली गेली, ती नेमकी याच समजुतीवर. हिने काहीतरी म्हटलं आणि माझी गाय मेली, मूल दगावलं, पीक बुडालं. शाप लागतो हे एकदा मान्य केलं की कुणाचा लागला ते शोधणं आलं, आणि शोधायला निघालेला जमाव विहिरीच्या अंगाला राहणाऱ्या विधवेपाशीच येऊन थांबतो. मारल्या गेलेल्या त्या बायकांच्या नावाने जे स्वतःला चेटकीण म्हणवतात, त्यांनी तरी मारणाऱ्यांची समजूत खरी ठरवू नये. नंदुरबारच्या सातपुड्यात आजही एखादीला डाकीण ठरवून गावाबाहेर काढलं जातं. ब्रुकलिनमध्ये शाप हा दुबळ्यांचा आवाज असेल. आपल्याकडे शापाचा आरोप हे दुबळ्यांविरुद्धचं हत्यार आहे, आणि समजूत दोन्हीकडे एकच आहे.

मग जादू उरते कशाला? हा प्रश्न मी ब्रिस्टलच्या बाईंना विचारला. त्यांनी गूढविद्येवर लिहिणाऱ्या ब्रिटिश लेखिका डायन फॉर्च्यून यांच्या नावावर सांगितली जाणारी व्याख्या ऐकवली: जादू म्हणजे आपल्या जाणिवेत आपल्या इच्छेने बदल घडवण्याची कला. बदल आपल्या जाणिवेत, शेजाऱ्याच्या गायीत नाही. विधीत देवीच्या तोंडी म्हटल्या जाणाऱ्या, व्हॅलिएंटे यांनी नव्याने लिहिलेल्या देवीवचनातही देवी साधकाला सांगते की जे तू शोधतोस ते तुला आत सापडलं नाही तर बाहेर कधीच सापडणार नाही. मला वाटतं, न कापणाऱ्या त्या सुरीचा अर्थ इथे आहे. ती फक्त सीमा आखते. ऋतूंचे आठ सण, पौर्णिमेच्या बैठका, पावाचा तुकडा हातोहात फिरवणं, या सगळ्यात जादूचा भाग थोडा आणि लक्ष देऊन जगण्याचा भाग फार आहे. तो लक्ष देण्याचा भाग काढून घेतला की जादू बाजारात जाते. २०१८ साली अमेरिकेत एका अत्तर कंपनीने नवशिक्या चेटकिणीसाठी तयार पेटी विकायला काढली आणि विरोध झाल्यावर मागे घेतली. आपल्याकडे रेल्वेच्या डब्यात चिकटवलेली, सात दिवसांत वशीकरणाची हमी देणारी जाहिरात याच जातीची.

विक्काच्या नीतीची एक बाजू मात्र लंगडी आहे, आणि ती लपवणं बरं नाही. मंत्राने कुणाला इजा होईल का याची त्यांनी जितकी चर्चा केली, तितकी दीक्षा देणारा दीक्षा घेणाऱ्याशी कसं वागतो याची फार काळ केली नाही. वर्तुळ बंद, गुपितांची शपथ, वरच्या पायरीवरच्या माणसाचा शब्द अखेरचा. आपल्याकडच्या बाबांच्या मठांत जे होतं ते तिथेही व्हायला ही परिस्थिती पुरेशी होती. २०१४ साली अमेरिकेत या वर्तुळात नावाजलेल्या एका संगीतकाराला मुलांच्या लैंगिक शोषणाच्या चित्रफितींवरून अटक झाली, तेव्हा तिथल्या अनेकांनी उघड लिहिलं की आठ शब्दांचं वचन इथे आपल्याला पुरलं नाही. मेळाव्यांना संमतीचे लेखी नियम हवेत, तक्रार ऐकणारी माणसं हवीत, या मागण्या त्यानंतर जोरात पुढे आल्या. हे उशिरा झालं, पण बरोबर ठिकाणी झालं. अदृश्य शक्तीने काय होईल यापेक्षा खोलीतला बलवान माणूस काय करतो, ते आधी पाहायला हवं.

कायद्यालाही हे हळूहळूच कळलं. ब्रिटनचा १७३५ चा कायदा जादू खरी मानत नव्हता, ती येते असा दावा करणाऱ्याला शिक्षा देत होता. त्याच कायद्याखाली १९४४ साली हेलन डंकन या, मृतांशी बोलणारं माध्यम म्हणवणाऱ्या बाईला नऊ महिन्यांची कैद झाली. १९५१ च्या नव्या कायद्याने फसवणूक करणाऱ्या माध्यमांपुरतं पाहिलं, आणि २००८ साली तोही जाऊन ग्राहक संरक्षणाचे नियम आले. आपल्या महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या वर्षानुवर्षांच्या झगड्याचं फळ, आणि तो वटहुकूम म्हणून निघाला त्यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाल्यावर. त्याला धर्मविरोधी म्हणणाऱ्यांनी तो वाचलेला नसतो. वारी, कीर्तन, हरिपाठ, प्रदक्षिणा या कशालाही तो हात लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, साप चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून रोखणं, एखादी करणी करते असं सांगून तिचं जगणं असह्य करणं, हे तो गुन्हा ठरवतो. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. श्रद्धा काय आहे हे तो विचारत नाही, समोरच्या माणसाचं काय झालं हे विचारतो. माझ्या काकूच्या वेळी तो नव्हता.

तरी कायदा झाल्या गोष्टीच्या मागून येतो. देवऋषी सुपात तांदूळ टाकण्याआधी कुणीतरी "थांबा, आईला विचारलंत का?" म्हणायला हवं होतं. हे म्हणण्याची सवय घरात, देवळात, मठात लागायला हवी, आणि ती लावायला नास्तिक असण्याची गरज नाही. उलट जो जप करतो, अंगारा देतो, कुणासाठी हात जोडतो, त्यालाच ती आधी लागायला हवी. अध्यात्म म्हणजे शक्ती मिळवणं असेल तर त्याला विचारायचं कारण पडत नाही. अध्यात्म म्हणजे दुसऱ्याच्या उंबऱ्याशी थांबता येणं असेल, तर विचारण्यावाचून ते सुरूच होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईला फोन केला. साताऱ्यात दुपार झाली होती, ती मटार सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिने मध्येच दोनदा "कसली सुरी?" असं विचारलं. मग थोडा वेळ काही बोलली नाही, फक्त शेंगा मोडल्याचा आवाज येत होता.

"घे म्हणावं माझं नाव," ती म्हणाली. "आणि हे बघ, त्या बाईचं नाव काय गं? संध्याकाळी देवापाशी दिवा लावीन तेव्हा मीही तिचं घेईन. पण तिला चालेल का ते विचार आधी."